एका दिवसापुरता काढलेला

ऑगस्टच्या शेवटी मी सदतीस माणसांना घरी पाठवतो. म्हणजे पाठवणारे वेगळे, वरच्या मजल्यावर बसलेले. मी फक्त जिना उतरतो, माणूस शोधतो आणि त्याला म्हणतो, "कोचनी बोलावलंय. टॅब्लेट बरोबर घे." टॅब्लेटमध्ये संघाच्या सगळ्या चाली असतात, तो परत घ्यायचा असतो. एवढं ऐकल्यावर कोणी पुढे काही विचारत नाही. पोरं मला तोंडावर नॉर्बकाका म्हणतात आणि मागे यमदूत. एकतीस वर्षं टोलीडोच्या ह्या अमेरिकन फुटबॉल संघात काढलीत, मला दोन्ही ऐकू येतं.

त्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर माझ्या शेजारी कोणी बसत नाही. मी मीठ मागितलं तरी समोरच्याचा चेहरा पडतो. एका पोराने मला येताना पाहून संडासाची कडी लावून घेतली आणि पाऊण तास आत बसला. मी बाहेर भिंतीला टेकून उभा. त्याला वाटलं असावं, वेळ टळली की नाव राहील. शेवटी मीच म्हटलं, "बाळा, माझे गुडघे दुखायला लागलेत, ये आता बाहेर." आला बिचारा.

पण मला त्या पोरांचा राग येत नाही. राग येतो तो वरच्या मजल्यावरच्या लोकांचा.

वर एक खोली आहे. तिला खिडकी नाही. एका भिंतीवर नव्वद लोखंडी पट्ट्या चिकटवलेल्या, प्रत्येकीवर एका खेळाडूचं नाव. मंगळवारी दुपारी चारच्या आत त्यातल्या त्रेपन्न ठेवायच्या आणि बाकीच्या काढायच्या. एवढंच काम. त्यासाठी आमची मंडळी शनिवारपासून त्या खोलीत कोंडून घेतात, डोनट खातात आणि एकमेकांचं डोकं खातात. पट्टी वर जाते, खाली येते, परत वर जाते. सोमवारी सकाळी मला सांगतात, अमुक गेला. मी अर्धा जिना उतरतो तोच वरून हाक येते, "नॉर्ब, थांब, तो नाही." पोराला काही माहीत नसतं, मी त्याला लांबूनच हात करतो आणि जिना परत चढतो.

ह्या खोलीत शेवटचा शब्द दोघांचा. एक कोच बोदिन. लुइझियानाचा, दणकट आवाजाचा, पन्नास वर्षं फुटबॉल बघूनही प्रत्येक सरावानंतर नव्याने कोणाच्या तरी प्रेमात पडणारा. दुसरा ओल्मस्टेड, आमचा जनरल मॅनेजर. वय छत्तीस, मांडीवर लॅपटॉप. तो खेळाडूंकडे बघतच नाही, पडद्याकडे बघतो. एक म्हणणार, "त्या पोरात धमक आहे." दुसरा म्हणणार, "धमक कुठल्या रकान्यात भरू?" असं चार दिवस.

तर ह्या वर्षी सोमवारी दुपारपर्यंत त्रेपन्न ठरले. मी सुटकेचा निःश्वास टाकतोय तेवढ्यात कोचना टकर आठवला.

टकर म्हणजे आमचा बचावफळीतला आडदांड गडी. शुक्रवारच्या सराव सामन्यात त्याच्या हाताचं हाड मोडलं होतं. जखमी माणसाला जखमींच्या यादीत टाकता येतं, पण गोम अशी की मंगळवारच्या आधी टाकला तर त्याचं सबंध वर्ष गेलं. फक्त दोघांना त्यातून सूट मिळते आणि आम्ही ती आधीच दोघांवर खर्च केली होती. बुधवारी टाकला तर मात्र चार सामन्यांनंतर तो परत खेळू शकतो. म्हणजे मंगळवारी चार वाजता टकर प्लास्टरमधला हात घेऊन त्रेपन्नात असलाच पाहिजे. आणि त्याच्यासाठी कोणीतरी धडधाकट माणूस एक दिवस बाहेर.

हे सगळे संघ करतात. एखाद्या जुन्या खेळाडूला बाजूला घ्यायचं आणि हात मिळवायचा. आज काढतो, उद्या घेतो, मधे दुसरीकडे जाऊ नकोस. कागद नाही, सही नाही. चार हंगाम भरलेला माणूस काढला की मोकळा होतो, कुठे जायचं ते त्याचं तो ठरवतो, म्हणून हे नुसत्या शब्दावर चालतं. चाराच्या आतला असला तर त्याचं नाव एक दिवस बाकीच्या सगळ्या संघांपुढे फिरतं. ज्याला हवा त्याने उचलावा. त्या माणसाला कोणी विचारत नाही.

"ओवेनला काढू एक दिवस," ओल्मस्टेड म्हणाला.

ओवेन रुडिसिल आमचा लाँग स्नॅपर. कमरेत वाकायचं, मान खाली घालायची आणि दोन पायांमधून चेंडू मागे चौदा यार्डांवर उभ्या असलेल्या किक मारणाऱ्याच्या हातात फेकायचा, एवढंच त्याचं काम. सामन्यात दहा वेळा. इतक्या वर्षांत त्याचा एकही चेंडू चुकला नाही, म्हणून गावात त्याला कोणी ओळखत नाही.

"त्याच्या बायकोचे दिवस भरलेत," मी म्हटलं. "शुक्रवारची तारीख दिलीय डॉक्टरने. दुसरा कोणी बघा."

"अहो, एक दिवस फक्त. उद्या दुपारी काढायचा, परवा दुपारी सही. तो घरीच बसणार आहे, बायकोला उलट बरं."

"आणि कोणी उचलला तर?"

"चार हंगाम झालेत त्याचे." ओल्मस्टेडने पडद्यावर बोट आपटलं. "हे बघा. चार. कोण उचलेल? आणि लाँग स्नॅपर कोणाला हवाय? ती काय कोणी चोरून नेण्यासारखी वस्तू आहे?"

कोच म्हणाले, "नॉर्ब, अरे, तूच सांग त्याला. तुझ्यावर विश्वास आहे पोराचा."

हे वाक्य आलं की समजायचं, घाण काम आपल्या गळ्यात पडलं. मी म्हणायला पाहिजे होतं, तुमचा शब्द आहे, तुम्ही जा खाली. नाही म्हटलं. एकतीस वर्षांत एकदाही म्हटलेलं नाही, तिथे आता काय म्हणणार. मी जिना उतरलो.

ओवेन बर्फाच्या टबात बसला होता. मला बघितलं आणि तो शांतपणे उठायला लागला. अंगावरून पाणी गळतंय आणि हात टॅब्लेटकडे.

"टॅब्लेट राहू दे," मी म्हटलं. "बस तू."

"मग कशाला आलात, काका? तुम्ही काय गप्पा मारायला येत नाही."

मी त्याला सगळं सांगितलं. टकरचा हात, मंगळवार, बुधवार. तो ऐकत होता. सत्तावीस वर्षांचा, मानेने बैल आणि स्वभावाने गाय. मधे एकदा म्हणाला, "म्हणजे टकरचा हात मोडला म्हणून माझी नोकरी जाते. माझा हात मोडला असता तर?"

"तर टकरला काय फरक पडला असता?"

तो हसला. मग हसू गेलं. "काका, हे नक्की आहे ना? मला मोठा पगार नको, काही नको. गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही बफेलोला खेळत होतो तेव्हा मार्गो इथे एकटी दवाखान्यात गेली. सातवा महिना होता. मी पोचलो तोवर सगळं आटपलेलं होतं. बाळ रडलंच नाही, गुंडाळून ठेवलं होतं. ह्या वेळी मला तिथे असायचंय. बाकी मला काढा, घ्या, खुंटीला टांगा."

"असशील. परवा दुपारी तू इथे सही करशील आणि शुक्रवारी दवाखान्यात जाशील."

"वरचे म्हणतायत की तुम्ही म्हणताय?"

"मी म्हणतोय."

"मग झालं," तो म्हणाला आणि परत बर्फात बसला.

मंगळवार नेहमीसारखा गेला. पंधरा-सोळा जणांना सकाळीच गाठलं. एकाने माझा हात हातात घेऊन माझंच सांत्वन केलं. एकाने आईला फोन लावून फोन माझ्या हातात दिला, "तुम्हीच सांगा, माझ्याच्याने होत नाही." त्या माउलीने मला विचारलं, तो जेवला का. कोच प्रत्येकाला बारा मिनिटं देत होते आणि प्रत्येकाबरोबर रडत होते. त्यामुळे खाली रांग लागली. काढलेली माणसं काढून घ्यायला खोळंबलेली. शेवटी मी आत जाऊन म्हटलं, "कोच, जरा आवरतं घ्या, चार वाजतात." चारला पाच मिनिटं कमी असताना यादी गेली. सदतिसावं नाव ओवेनचं.

तो दाराशी उभा होता. "जातो काका. उद्या येतो."

बुधवारी दुपारी बाराला बाकीच्या संघांनी कोणाला उचललं त्याची यादी येते. बारा वाजून सात मिनिटांनी मी वरच्या खोलीत कॉफी ओतत होतो. ओल्मस्टेड पडद्याकडे बघत होता. मग त्याने लॅपटॉप मिटला आणि परत उघडला. पडद्यावर तेच होतं.

"पोर्टलंडने ओवेनला उचललाय," तो म्हणाला.

"उचलला म्हणजे? तो मोकळा आहे. चार झालेत."

"तीन झालेत."

पूर्व किनाऱ्यावरच्या ह्या पोर्टलंडच्या लाँग स्नॅपरच्या मांडीचा स्नायू शनिवारी फाटला होता. त्यांना माणूस हवा होता. त्यांनी यादी बघितली, यादीत ओवेन. आमच्यासारखं त्यांना वाटलं नाही की ही वस्तू कोणी चोरत नाही.

हंगाम भरल्याचं गणित असं असतं की निदान तीन सामने माणूस मुख्य संघात पाहिजे. ओवेन पहिल्या वर्षी आमच्या सराव तुकडीत होता. सराव तुकडी धरत नाहीत. डिसेंबरच्या शेवटी जुना स्नॅपर पाय घसरून पडला तेव्हा ओवेनला वर घेतलं. किती सामने उरले होते तेव्हा? दोन. आणि हे मला कोणी सांगायची गरज नव्हती, कारण त्याला बोलवायला मीच गेलो होतो. एकतीस वर्षांत फार थोड्या वेळा मी चांगली बातमी घेऊन जिना उतरलोय, त्यातली ती एक. बाहेर गुडघाभर बर्फ पडला होता आणि ह्या गड्याने मला उचलून गोल फिरवलं होतं. मला तारीख आठवत होती, बर्फ आठवत होता, आणि सोमवारी ओल्मस्टेडने चार म्हटल्यावर मी मान डोलावली होती.

"तुमच्या त्या डब्यात चार कुठून आले?" मी विचारलं.

"वर्षं मोजली होती," ओल्मस्टेड म्हणाला. "सामने नाही मोजले."

"आणि त्याच्या एजंटने पण नाही मोजले?"

"एजंट त्याचा मावसभाऊ आहे. विमा विकतो."

कोच खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता तरी पोराबद्दल काही बोलतील. ते म्हणाले, "मग आता चेंडू कोण फेकणार?"

मी कॉफीचा कप खाली ठेवला. ठेवला नसता तर काय झालं असतं सांगता येत नाही. ह्या वयात नोकरी जायला नको म्हणून माणूस किती काय काय खाली ठेवतो. मी म्हटलं, "ते तुम्ही बघा. त्याला तुम्ही सांगता की मी?"

दोघंही पडद्याकडे बघायला लागले.

खाली येऊन मी आधी पोर्टलंडला फोन लावला. तिथे माझंच काम करणारा एक डेलबर्ट म्हणून आहे. वीस वर्षांची फोनवरची ओळख, तोंड कधी बघितलं नाही. त्याला म्हटलं, "बाबा रे, बायको बाळंत होतेय त्याची. रविवारपर्यंत सोड."

"नॉर्ब, मी काय करू? आमचा किकर तीन दिवस भिंतीकडे तोंड करून बसलाय. कोचना आज संध्याकाळच्या विमानाने माणूस हवाय. मी विचारून बघतो, पण तुला माहितीये, आपल्याला कोण विचारतं."

विचारून त्याने दहा मिनिटांनी फोन केला. नाही म्हणाले.

एक वाजता ओवेन आला. गाडीतून उतरला तर हातात ट्रे. मार्गोने सगळ्यांसाठी पर्च मासे तळून पाठवले होते. मी पार्किंगमध्येच त्याला गाठलं. त्याने मला बघितलं आणि खांद्यावरून मागे बघितलं, मी दुसऱ्या कोणाकडे चाललोय की काय म्हणून.

"काका, आता तर मी तुमच्या यादीतसुद्धा नाही."

मी सांगितलं. गोल गोल काही बोललो नाही. दोन सामने, तीन हंगाम, पोर्टलंड, सहा पंचवीसचं विमान. तो ऐकत होता आणि ट्रे हातात तसाच.

"नाही गेलो तर?"

"तर त्यांच्याकडे तुझा हक्क राहतो आणि तू कुठेच खेळू शकत नाहीस. पगार बंद, विमा बंद. बाळंतपण पुढे ढकलता येत नाही आणि तिकडचे कोच पण ऐकायला तयार नाहीत. मी फोन केला होता."

"तुम्हाला आठवलं नाही का, काका?" त्याने विचारलं. आवाज चढला नव्हता. "त्या वर्षी तुम्हीच बोलवायला आला होतात."

"आलो होतो. नाही आठवलं."

ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने ट्रे माझ्या हातात दिला आणि गाडीला टेकून मार्गोला फोन लावला. मी दूर गेलो. तरी ऐकू आलं, तो तिला सांगत होता की पोर्टलंडला हवा छान असते. मग बराच वेळ नुसता ऐकत राहिला.

फोन ठेवून म्हणाला, "ती म्हणते, जा. तिची बहीण हॅलिफॅक्सहून शुक्रवारी येणार आहे. तोवर इथे तिचं कोणी नाही."

"मी आहे."

"तुम्ही आहात," तो म्हणाला. त्यात टोमणा होता की नव्हता ते मला अजून कळलेलं नाही.

त्याला विमानतळावर सोडायला मीच जाणार होतो. तीन वाजता निघताना वरून हाक आली. टकरचं स्कॅन आलं होतं. हाड नुसतं मोडलं नव्हतं, शस्त्रक्रिया लागणार होती, वर्ष गेलं. म्हणजे ज्या माणसाला चार सामन्यांनंतर परत आणायचं म्हणून हा सगळा उपद्व्याप केला तो ह्या वर्षी येणारच नव्हता. सोमवारीच जखमींच्या यादीत टाकला असता तरी चाललं असतं. ओल्मस्टेड म्हणाला, "हे आधी कळायला काही मार्ग नव्हता." मी म्हटलं, "होता. सोमवारी स्कॅन करायचं." शनिवारी, रविवारी, सोमवारी सगळे डोनट खात बसले होते आणि त्या गड्याला मशीनखाली घालायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्यासुद्धा नाही.

गुरुवारी सकाळी सव्वासहाला मार्गोचा फोन आला. "नॉर्बकाका, मी आहे. लवकर याल?" मी घरातल्या चपला घालूनच निघालो. दवाखान्यात नर्सने विचारलं, "आपण वडील का?" मी त्रेसष्ट वर्षांचा, सुटलेलं पोट, पायात चपला. मी म्हटलं, "नाही. वडील कामावर आहेत." ती माझ्याकडे असं बघत राहिली की जणू त्याला कामावर मीच पाठवलंय.

आत मला जाऊ दिलं नाही, आणि ते बरंच झालं. मी बाहेरच्या खुर्चीत बसून ओवेनला फोन लावत राहिलो. लागेना. डेलबर्टला लावला तर तो म्हणाला, वैद्यकीय तपासणी चाललीय, तीन डॉक्टर त्याचे गुडघे वाकवून बघतायत, फोन काढून घेतलेत. मी म्हटलं, "त्याला बाहेर काढ." तो म्हणाला, "आत कसा जाऊ?" मी त्याला जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. वीस वर्षांची ओळख होती म्हणून त्याने ऐकून घेतलं.

दहाच्या सुमारास नर्स बाहेर आली. मुलगी झाली होती. मार्गोने तिला माझ्या हातात द्यायला सांगितलं होतं, म्हणून मला आत बोलावलं. मी म्हटलं, "मला नको." खरंच नको होती. हे बघायचा पहिला हक्क माझा नव्हता, आणि ज्याचा होता त्याला तिथून हलवणारा मीच. पण मार्गोने दमलेल्या डोळ्यांनी बघितलं आणि म्हणाली, "काका, कोणीतरी घ्या तिला." मग घेतली.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. ओवेन होता. धापा टाकत होता, बहुतेक पळत बाहेर आला होता.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं. मुलगी. मार्गो बरी आहे."

तो म्हणाला, "रडली का?"

मला आधी समजलंच नाही तो काय विचारतोय. समजलं तेव्हा मी पलंगाच्या कडेवर बसलो. मी फोन तिच्या तोंडाशी धरला. ती चांगली भोकाड पसरून रडत होती, कशावर तरी इतका चिडलेला जीव मी आयुष्यात पाहिला नसेल. मी फोन तसाच धरून ठेवला. तिकडून डेलबर्ट किंवा दुसरा कोणीतरी त्याला हाका मारत होता, सगळे मैदानावर गेलेत, चल. ओवेन ऐकत होता. मार्गोने मला खुणेने सांगितलं, काढू नका, आणि माझा हात भरून आला तरी मी फोन काढला नाही.